फिल्मोर ईस्टमधील एक मैफल

गाण्याची तबकडी म्हटली कीं एखादें आटोपशीर गीत आपल्या मनांत उभें राहतें. मुखडा झाला, दोन कडवीं झालीं, मध्यें थोडें वाद्यवादन झालें, कीं तीन-चार मिनिटांत सुई उचलावी. आज ज्या ध्वनिमुद्रणाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें त्याची रीत निराळी आहे. हा दोन तबकड्यांचा संच आहे. त्याच्या चार बाजूंवर मिळून अवघीं ७ गाणीं आहेत. दुसऱ्या बाजूवर एकच गाणें असून तें सुमारें १९ मिनिटें चालतें. चौथ्या बाजूवरही एकच आहे आणि तें सुमारें २३ मिनिटें चालतें. संचाचें नांव 'अ‍ॅट फिल्मोर ईस्ट', आणि वाजविणाऱ्या पथकाचें नांव 'ऑलमन ब्रदर्स बँड'. न्यूयॉर्क शहरांतील फिल्मोर ईस्ट या नाट्यगृहांत १९७१ च्या मार्च महिन्यांतील १२ व १३ या तारखांच्या रात्रीं श्रोत्यांसमक्ष झालेलें हें वादन त्याच वर्षीं जुलै महिन्यांत बाजारांत आलें. ब्लूज आणि रॉक या दोन प्रवाहांच्या संगमावर जें संगीत निर्माण झालें, त्याचा उत्तम नमुना म्हणून जाणकार या संचाकडे बोट दाखवितात.

मीं तो प्रथम ऐकला तेव्हां मला तो मुळींच आवडला नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. विजेवर चालणाऱ्या दोन गिटारी, एक ऑर्गन, एक बास गिटार आणि दोन ड्रमवादक हे सारे एकाच वेळीं वाजूं लागले, कीं ख्यालगायन ऐकत आलेल्या कानांना तो केवळ कल्लोळ वाटतो. गाणें कोठें वळलें, कोठें परतलें, आणि ही मंडळी इतका वेळ करीत तरी काय आहेत, याचा मला पत्ताच लागेना. पुढें एका जाणत्या स्नेह्यानें मला मात्रा मोजीत ऐकावयास सांगितलें. मी बोटांवर मात्रा मोजूं लागलों, आणि अर्ध्या घटकेंत त्या कल्लोळांतून सहा माणसें वेगळीं होऊन माझ्यापुढें बसलीं. एक बोलत होता, दुसरा त्याला उत्तर देत होता, तिसरा दोघांना सांवरून घेत होता. त्या दिवसापासून माझें असें मत झालें आहे, कीं या मैफलीचें मोल वादकांच्या हातांपेक्षांही त्यांच्या कानांत आहे. तें मोल आपणांसही कसें पारखतां येईल, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

प्रथम 'ब्लूज' म्हणजे काय तें पाहूं. इंग्रजींत हा शब्द खिन्नतेचा वाचक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, तरी कापसाच्या मळ्यांतील काळ्या मजुरांचें दैन्य कांहीं संपलें नाहीं. शेतांतील कामाचीं गाणीं, एकमेकांना घातलेल्या हांका, देवळांतील भजनें आणि एकट्यानें गुणगुणलेलें दुःख यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गायनप्रकाराला आकार आला. त्याची बांधणी अगदीं साधी आहे. चार मात्रांचा एक खंड, आणि असे १२ खंड मिळून एक आवर्तन. म्हणजे एकूण ४८ मात्रा झाल्या. पहिल्या चार खंडांत एक ओळ म्हणावयाची, दुसऱ्या चार खंडांत तीच ओळ पुन्हां म्हणावयाची, आणि शेवटल्या चार खंडांत तिला उत्तर देणारी नवी ओळ म्हणावयाची. प्रत्येक ओळ खंड भरण्यापूर्वींच संपते. उरलेल्या जागेंत गायकाला त्याचें वाद्य जबाब देतें.

आतां येथें आपल्या संगीतापेक्षां एक मोठा फरक आहे, तो ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्याकडे तंबोरा षड्ज सोडीत नाहीं. गवई कितीही दूर गेला तरी पायाखालची भूमि स्थिर असते. ब्लूजमध्यें ती भूमिच ठराविक वेळीं सरकते. पहिले चार खंड स्वरसंघाचा पाया षड्जावर असतो. पांचव्या खंडांत तो मध्यमावर जातो आणि सातव्यांत परत येतो. नवव्या खंडांत तो पंचमावर चढतो, आणि तेथून मध्यमावरून उतरत पुन्हां घरीं येतो. हें सरकणें आणि परतणें कानांना ओळखूं येऊं लागलें, कीं ब्लूज समजूं लागला म्हणून समजावें. त्यावरच्या गाण्यांत गांधार धड कोमळ नसतो, धड शुद्धही नसतो. तो त्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी हेलकावत राहतो. निषाद बहुधा कोमळच लागतो. या हेलकाव्यांतच ब्लूजचें कारुण्य सांठविलेलें आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें संगीत दक्षिणेच्या खेड्यांतून शिकागोसारख्या शहरांत गेलें आणि गिटारला विजेचा आवाज मिळाला. इसवी सन १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील व अमेरिकेंतील गोऱ्या तरुणांनीं तें उचललें, त्याचा आवाज आणि वेग वाढविला, आणि त्याला लोक ब्लूज-रॉक म्हणूं लागले. या तरुणांपैकीं पुष्कळांनीं ब्लूजचा केवळ डामडौल घेतला. ऑलमन बंधूंचें पथक या बाबतींत निराळें होतें. तें कसें, हें त्यांतील माणसांच्या ओळखीवरून दिसून येईल.

ड्वेन आणि ग्रेग ऑलमन हे दोघे सख्खे भाऊ. ड्वेनचा जन्म १९४६ चा आणि ग्रेगचा १९४७ चा. ड्वेन गिटार वाजवीत असे. ग्रेग ऑर्गन वाजवी आणि गात असे. पथक उभें राहण्यापूर्वीं ड्वेननें अलाबामा संस्थानांतील मसल शोल्स या गांवच्या ध्वनिमुद्रणगृहांत विल्सन पिकेटसारख्या नामांकित काळ्या गायकांची साथ केली होती. साथ करणाऱ्याचा पहिला गुण म्हणजे ऐकणें. तो ड्वेनच्या अंगीं तेथें बाणला. मार्च १९६९ मध्यें फ्लोरिडांतील जॅक्सनव्हिल येथें त्यानें हें पथक जमविलें आणि लौकरच सर्व मंडळी जॉर्जिया संस्थानांतील मेकन या गांवीं राहावयास गेली. दुसरी गिटार डिकी बेट्सच्या हातीं आणि बास गिटार बेरी ओकलीच्या हातीं होती. ड्रमवादक दोन होते : एक बुच ट्रक्स, आणि दुसरा जय जोहानी जोहान्सन, ज्याला सारे जेमो म्हणत.

हा जेमो काळा होता. त्यानें पूर्वीं ओटिस रेडिंगसारख्या थोर गायकाची साथ केली होती. आज आपणांस यांत विशेष वाटणार नाहीं. परंतु वर्णभेद बेकायदा ठरविणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ सालीं झाला होता, आणि दक्षिणेच्या लहान गांवांत कायदा पोंचण्याच्या कितीतरी आधीं मंडळींची गाडी पोंचत असे. गोरे आणि काळे वादक एका गाडींतून येतात आणि एका मेजावर जेवावयास बसतात, हें दृश्यच पुष्कळांच्या डोळ्यांत सलत असे. शिवाय जेमोनें आपल्या सोबत्यांना जाझ संगीताची गोडी लाविली. जॉन कोल्ट्रेन आणि माइल्स डेव्हिस यांच्या तबकड्या तो त्यांना ऐकवी. माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या संचानें ड्वेनला वेड लाविलें होतें. त्या संचांत स्वरसंघ वारंवार न बदलतां एकाच स्वरसप्तकांत दीर्घ काळ रमावयाचें, अशी पद्धति आहे. आपणांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं. कोल्ट्रेनला तर हिंदुस्थानी संगीताविषयीं इतका आदर होता, कीं १९६५ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाचें नांव त्यानें पंडित रविशंकर यांच्यावरून रवि असें ठेविलें.

पथकाचे पहिले दोन संच १९६९ व १९७० सालीं निघाले, पण त्यांचा खप बेताचाच झाला. बंद खोलींत कागदावर आंखून वाजविणें ही या मंडळींची प्रकृतिच नव्हती. वर्षांतील बहुतेक रात्री तीं गांवोगांव वाजवीत असत, आणि त्यांचें खरें रूप श्रोत्यांसमोरच प्रगट होई. म्हणून तिसरा संच प्रत्यक्ष मैफलींतच मुद्रित करावा असें ठरलें. फिल्मोर ईस्ट हें बिल ग्रॅहॅम यांनीं १९६८ सालीं उघडलेलें, सुमारें २,७०० आसनांचें नाट्यगृह होतें, आणि तेथील श्रोते चोखंदळ म्हणून प्रसिद्ध होते.

मुद्रणाची धुरा टॉम डाउड यांच्याकडे होती. हे गृहस्थ तरुणपणीं पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी असतांना अणुबाँबच्या संशोधनकार्यांत कामास होते. पुढें ते ध्वनिमुद्रणाकडे वळले आणि कोल्ट्रेनपासून अरीथा फ्रँकलिनपर्यंत अनेकांचें संगीत त्यांनीं जतन केलें. या मैफलीच्या वेळची त्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आरंभींच्या प्रयोगांत कांहीं सॅक्सोफोनवादक पाहुणे अचानक रंगमंचावर येऊन वाजवूं लागले. बाहेरच्या गाडींत यंत्रापाशीं बसलेल्या डाउड यांच्या कानांना तें खपलें नाहीं. विश्रांतीच्या वेळीं त्यांनीं ड्वेनला गांठलें आणि ते पाहुणे काढावयास लाविले. प्रयोग संपला कीं वादक आणि डाउड हे तडक मुद्रणगृहांत जात, झालेलें सर्व वादन तेथें ऐकत, आणि दुसऱ्या दिवशीं काय पुन्हां वाजवावयाचें तें ठरवीत. रात्रभर वाजवून थकलेलीं माणसें स्वतःचेंच वादन परीक्षकाच्या कानांनीं ऐकावयास बसत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आतां प्रत्यक्ष संच ऐकूं. पहिल्या बाजूचें पहिलें गाणें 'स्टेट्सबरो ब्लूज'. ब्लाइंड विली मॅकटेल नांवाच्या जॉर्जियांतील एका अंध काळ्या गायकानें बारा तारांच्या गिटारवर तें १९२८ सालीं मुद्रित केलें होतें. चाळीस वर्षांनीं ताज महाल या अमेरिकन गायकानें तें पुन्हां गाइलें. या गायकाचें मूळ नांव वेगळें. महात्मा गांधी आणि हिंदुस्थान यांविषयीं पडलेल्या स्वप्नांवरून त्यानें हें नांव घेतलें. त्याची तबकडी ड्वेनच्या हातीं कशी आली, ती हकीकत ग्रेगनें सांगितली आहे. ड्वेनला पडसें झालें होतें, आणि त्याचा वाढदिवस होता. ग्रेगनें ती तबकडी आणि पडशाच्या गोळ्यांची एक बाटली त्याच्या दाराशीं ठेविली. ड्वेननें गोळ्या ओतून टाकल्या, बाटलीवरचा कागद धुऊन काढला, ती बोटांत चढविली आणि तारांवरून घासून वाजवूं लागला. जुने ब्लूजवादक सुरीनें किंवा बाटलीच्या तुटक्या मानेनें असेंच वाजवीत. आपल्या विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरवितात, त्यासारखाच हा प्रकार होय. पडद्यांचें बंधन सुटतें आणि स्वर मींडेंत वाहूं लागतो. तो गांधार, जो ना कोमळ ना शुद्ध, तो येथें आपसूक सांपडतो. बारा खंडांचें आवर्तन मोजावयास शिकण्याला हें चार मिनिटांचें गाणें उत्तम आहे. एकदां मोजून ऐका, आणि मग मोजणें सोडून ऐका.

पुढील दोन गाणीं एल्मोर जेम्स आणि टी-बोन वॉकर या जुन्या काळ्या कलावंतांच्या भांडारांतील आहेत. त्यांपैकीं 'स्टॉर्मी मंडे' हें वॉकरनें १९४७ मध्यें मुद्रित केलेलें संथ लयीचें गाणें निवांतपणें ऐकावें. तेवीस वर्षांच्या ग्रेगच्या गळ्यांत पन्नाशीच्या माणसाचा शीण आहे. ऑर्गनची पाळी येते तेव्हां ठेका किंचित् झुलता होतो आणि पुन्हां पहिल्या चालीवर उतरतो. सहाही जण तें वळण एका श्वासांत घेतात.

दुसऱ्या बाजूवरील 'यू डोन्ट लव्ह मी' हें १९ मिनिटांचें गाणें म्हणजे या पथकाच्या ऐकण्याची परीक्षाच आहे. अर्ध्या वाटेवर सर्व वाद्यें थांबतात आणि ड्वेन एकटा उरतो. ठेका नाहीं, साथ नाहीं. एक वाक्य वाजवावें, थांबावें, विचार करावा, मग दुसरें वाजवावें, असें चालतें. नाट्यगृह इतकें स्तब्ध असतें, कीं रात्रभर वाजवा असें श्रोत्यांतील एकानें ओरडून सांगितलेलें आपणांस स्पष्ट ऐकूं येतें. मग एकेक वादक अलगद परत येतो. पुढें गाण्याच्या अखेरीस ड्वेनच्या गिटारमधून नाताळच्या एका प्रसिद्ध भजनाची चाल उमटते. प्रेमभंगाचें गाणें आनंदाच्या भजनावर येऊन संपतें, आणि ओढून ताणून आणल्याचें कोठेंही जाणवत नाहीं.

तिसऱ्या बाजूवरील 'हॉट 'लांटा' हें लहान गीत ओलांडून आपण 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'कडे जाऊं. यांत शब्द नाहींत. मेकन येथें रोझ हिल नांवाचें जुनें दफनस्थान आहे. नदीकांठच्या त्या शांत जागीं ही तरुण मंडळी वेळोवेळीं जाऊन बसत. तेथील एका थडग्यावरचें नांव डिकी बेट्सनें आपल्या रचनेला दिलें. आरंभीं तो तार छेडून मगच आवाज हळूच वाढवितो, त्यामुळें छेडल्याचा आघात ऐकूं येत नाहीं आणि गिटारचा स्वर व्हायोलिनसारखा उमलतो. मग दोन्ही गिटारी मिळून मुख्य चाल वाजवितात. कांहीं ठिकाणीं एका स्वरांत, कांहीं ठिकाणीं दोन जवळच्या स्वरांत. त्यानंतरच्या स्वैर वादनांत भूमि जवळजवळ स्थिर राहते, आणि जे सात स्वर लागतात ते आपल्या काफी थाटाचेच आहेत. अर्थात् त्यांत काफी राग शोधूं नये. चलन सर्वस्वी वेगळें आहे. पण ज्याला एका थाटांत रमावयाची संवय आहे, त्याला येथें परकेपणा वाटणार नाहीं. प्रथम बेट्स बोलतो. त्याची वाणी गोल, लडिवाळ आणि चालीला धरून असते. मग ऑर्गन बोलतो, आणि शेवटीं ड्वेन. त्याच्या मागें दोन ड्रमवादकांकडे कान द्यावा. ट्रक्स गाडी पुढें रेटीत असतो. जेमो त्या वेगांत बारीक नक्षी भरीत असतो. ओकलीची बास गिटार नुसता पाया भरीत नाहीं. ती तिसऱ्या गिटारसारखी स्वतंत्र चालीनें फिरते आणि नेमक्या वेळीं पायाशीं येऊन उभी राहते. ड्वेन एखादी लहान स्वरावली पुनःपुन्हां घोळवूं लागला, कीं तिसऱ्या आवृत्तीच्या आंत दोन्ही ड्रम तिला चिकटलेले असतात. ही गोष्ट कागदावर लिहून होत नाहीं.

चौथ्या बाजूवरील 'व्हिपिंग पोस्ट', म्हणजे फटके मारण्याचा खांब, ही ग्रेगची रचना. ती त्याला मध्यरात्रीं सुचली तेव्हां हाताशीं कागद नव्हता, म्हणून काड्यापेटींतील काड्या ओढून विझवून त्यांच्या कोळशानें त्यानें इस्त्रीच्या फळीच्या आच्छादनावर शब्द टिपले. आरंभीं ओकलीची बास गिटार एकटी गर्जते. मात्रा मोजा : तीन, तीन, तीन, आणि दोन, अशा अकरा. आपण अकरा मात्रांचें कांहीं रचीत आहोंत याची ग्रेगला कल्पनाच नव्हती. तें त्याला ड्वेननें दाखवून दिलें. शेवटल्या दोन मात्रांशीं तोल जातो आणि सम एक पाऊल आधींच येऊन आदळते. वंचनेंत सांपडलेल्या माणसाच्या तळमळीला हा लंगडा ठेका फार शोभतो. गाणें नंतर सोप्या तालांत शिरतें, पेटतें, अगदीं कुजबुजीइतकें विझतें आणि पुन्हां पेटतें. तें संपतांना टाळ्यांच्या गजरांत ड्रमचा खोल नाद चालूच राहतो. कारण त्या रात्रीं मंडळी तशींच पुढच्या गाण्यांत शिरलीं होतीं. तें पुढचें गाणें १९७२ सालच्या निराळ्या संचांत निघालें.

येथें एक अवघड प्रश्न मला टाळतां येत नाहीं. फटक्यांचा खांब ही अमेरिकेच्या दक्षिणेंत निव्वळ उपमा नव्हती. गुलामांना खरोखर अशा खांबांशीं बांधून मारीत. तो शब्द एका गोऱ्या तरुणाच्या प्रेमभंगाच्या गाण्यांत येतो तेव्हां मन क्षणभर थबकतें, आणि थबकलें पाहिजे. त्याहूनही मोठा प्रश्न असा, कीं ज्या काळ्या लोकांच्या हालांतून हें संगीत निपजलें, ते गरिबींत राहिले आणि त्याचीं फळें पुष्कळदां दुसऱ्यांनींच चाखलीं. मॅकटेल १९५९ सालीं वारला. आपलें गाणें न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांत हजारोंना उठवून बसवील, हें त्याला कधींच कळलें नाहीं.

या आरोपाला संपूर्ण उत्तर आहे असें मी म्हणणार नाहीं. ज्या समाजानें मॅकटेलला उपेक्षेंत ठेविलें त्याचा हिशेब एका मैफलीनें चुकता होत नाहीं. परंतु ऋण घेणाऱ्याचीही जातकुळी पाहावी लागते. या तबकडींत एक क्षण आहे. 'स्टॉर्मी मंडे' सुरू करण्यापूर्वीं ड्वेन श्रोत्यांना सांगतो, कीं आतां बॉबी ब्लँडचें एक जुनें गाणें वाजवितों. आणि लगेच स्वतःला दुरुस्त करून म्हणतो, कीं खरें पाहतां तें टी-बोन वॉकरचें आहे. ब्लँडनें तें गाइलें होतें आणि पथकानें त्याच्याच पद्धतीचे स्वरसंघ घेतले होते; पण मूळ कर्ता कोण, हें सांगितल्यावांचून त्याला पुढें जाववलें नाहीं. एल्मोर जेम्सचें नांवही तो असेंच उच्चारतो. आपल्याकडे गवई चीज मांडण्यापूर्वीं गुरूचें नांव घेऊन कानाच्या पाळीला हात लावतो, तो भाव याहून वेगळा नसावा. शिवाय त्याच्या मागें ड्रमपाशीं जेमो बसला होता, आणि नफ्यातोट्याच्या आधीं मंडळींनीं एकत्र जेवणाचा प्रश्न सोडविला होता. जें ऐकलें तें कोणाकडून ऐकलें हें न विसरणें, हाही ऐकण्याचाच एक भाग आहे.

त्यानंतरची कथा थोडक्यांत सांगतों. २७ जून १९७१ रोजीं फिल्मोर ईस्ट बंद झालें. अखेरच्या रात्रीं शेवटचें वादन याच पथकाचें झालें. जुलैंत तबकड्या निघाल्या आणि हां हां म्हणतां पथकाचें नांव सर्वतोमुखीं झालें. २९ ऑक्टोबर १९७१ रोजीं मेकन येथें मोटारसायकलच्या अपघातांत ड्वेन ऑलमन गेला. त्याचें वय २४ वर्षांचें होतें. पुढें ११ नोव्हेंबर १९७२ रोजीं त्याच गांवीं, जवळच, तशाच अपघातांत बेरी ओकली गेला. त्याचेंही वय २४ च होतें. दोघांचीं थडगीं रोझ हिलमध्येंच आहेत, जेथें बसून बेट्सनें एका अपरिचित स्त्रीच्या नांवानें चाल बांधली. ग्रेगलाही २०१७ सालीं तेथेंच पुरलें. बुच ट्रक्स २०१७ सालींच गेला, आणि डिकी बेट्स २०२४ सालीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादींत २००४ सालीं या संचाचा समावेश केला.

या तारखा मीं मुद्दाम सांगितल्या. ज्या मेळांतून हें संगीत उपजलें तो मेळ मुद्रणानंतर आठ महिनेही टिकला नाहीं. पथक पुढें अनेक वर्षें चाललें, नवे गुणी वादक आले, परंतु हे सहा कान पुन्हां एकत्र आले नाहींत. दोन रात्रींचें हें ऐकणें टेपेवर राहिलें म्हणून आपणांस तें लाभलें.

श्रोतेहो, हा संच आपल्या हातीं आला तर तो कामधाम करतांना मागें लावून ठेवूं नका. एका वेळीं एक बाजू ऐका. पहिल्यानें आवर्तन ऐका, दुसऱ्यानें केवळ बास गिटार ऐका, तिसऱ्यानें दोन ड्रमवादकांना वेगळे करण्याचा यत्न करा. मग चौथ्या वेळीं कांहींच न करतां ऐका. आणि आवडला तर तेथें थांबूं नका. मॅकटेलची १९२८ सालची मूळ तबकडी मिळवून ऐका. एकटा अंध माणूस, बारा तारा आणि तीन मिनिटें. ज्या दिवशीं त्या तीन मिनिटांत आपणांस फिल्मोर ईस्टमधील सारी गर्दी ऐकूं येईल, त्या दिवशीं या संगीताची आपली ओळख पुरी झाली असें खुशाल समजावें.